आधी गव्हाण, मग गाय

सिडकोच्या नकाशात नेरूळला शाळा, बागा, मंडया, स्टेशन, पाण्याच्या टाक्या या सगळ्यांना जागा मिळाली; गोठ्याला मिळाली नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली तेव्हा नेरूळ, शिरवणे, दारावे, करावे, सारसोळे ही गावं भातशेती, मिठागरं आणि खाडीवर जगत होती. खाचरं संपादनात गेली, त्यांच्यामागोमाग बैल गेले, पेंढा गेला, गुरं चारायचे बांध गेले. आज गावठाणातल्या कित्येक गल्ल्यांतून रिक्षा अंग चोरूनच जाते. तरीही याच भागातल्या एखाद्या घरात विषय निघतो: आपणच एक गाय ठेवली तर? आजीला तिच्या माहेरचा गोठा आठवतो, सुनेला दुधातल्या भेसळीच्या बातम्या आठवतात, मुलांना वासरू हवं असतं. कारणं तिन्ही खरी आहेत. त्यातलं एकही पहाटे पाच वाजता शेण भरायला उठत नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे जायला हरकत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी, रो-हाउसच्या पुढच्या पट्टीवर डोळा असणाऱ्यांनी आणि ‘पार्किंगचा तो कोपरा तसाही रिकामाच असतो’ म्हणणाऱ्यांनी गाईचा विचार नेरूळपुरता सोडून द्यावा. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, ती शेवटी येईल. ज्यांचं गावठाणात स्वतःचं घर आहे, मागे किंवा बाजूला निदान दोनशे-अडीचशे चौरस फूट मोकळी जागा आहे आणि ज्यांच्या घरात धार काढायला शिकतील अशी दोन माणसं आहेत, त्यांनी हिशेब मांडायला घ्यावा. दोन माणसं ही अट हसण्यावारी नेऊ नये. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये मोरी गाय आहे, ती श्यामच्या आईशिवाय कोणाला दूध काढू देत नसे. वाचताना ते फार गोड वाटतं. प्रत्यक्षात धार काढणारं एकमेव माणूस तापाने झोपलं, तर संध्याकाळपर्यंत गाईची कास दगडासारखी होते. आणि गणपतीला सगळ्यांना गावी जायचं असेल तर गाय कोणाच्या स्वाधीन करणार, याचं उत्तर श्रावणात नाही, गाय आणण्याआधी तयार हवं.

कायद्याचं काम पहिलं. महाराष्ट्रात शहरी भागांत गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण ठेवणारा 1976चा कायदा आहे. तो लागू असलेल्या भागात परवान्याशिवाय जनावर ठेवता येत नाही आणि मोकाट सापडलेलं जनावर कोंडवाड्यात जातं. तेव्हा ‘जागा माझी, गाय माझी’ हे म्हणणं टिकणारं नाही. आपल्या गल्लीसाठी नेमकं काय लागतं ते महापालिकेत आणि दुग्धविकास व पशुसंवर्धन खात्यात लेखी विचारून घ्यावं. मग शेजाऱ्यांना विचारावं. हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, पण गल्लीतल्या गाईची पहिली तक्रार शेजारच्या खिडकीतूनच जाते.

शहराला गोठे का नकोसे होतात, हे मुंबईने एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. वस्तीतले तबेले, त्यांची घाण, आटलेल्या म्हशींची खाटकाकडे रवानगी, दुधातलं पाणी या सगळ्याला कंटाळून सरकारने 1949मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी केली आणि म्हशी शहराबाहेर नेल्या. पुढे डापचरीचा दुग्धप्रकल्पही त्याच विचाराने झाला. एक गाय म्हणजे तबेला नव्हे हे कबूल. पण प्रश्न तेच असतात, फक्त घरगुती मापाचे: शेण, पाणी, वैरण आणि आटलेलं जनावर.

या प्रश्नांची तयारी गाय येण्याआधी कशी करावी, याचं उदाहरण लांबचं आहे: आफ्रिकेतल्या रवांडा देशाने 2006मध्ये ‘गिरिंका’ नावाची योजना सुरू केली. गरीब कुटुंबाला एक गाय द्यायची आणि तिची पहिली कालवड त्या कुटुंबाने शेजारच्या दुसऱ्या कुटुंबाला द्यायची, अशी ती योजना. भारतानेही 2018 साली तिच्यासाठी दोनशे गाई दिल्या. तिथे गाय मिळण्याआधी कुटुंबाने गोठा बांधलेला आणि वैरणीचं गवत लावलेलं असावं लागतं. हा क्रम नेरूळकरांनी जसाच्या तसा उचलावा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: गाय टेम्पोतून उतरते, तिला विजेच्या खांबाला बांधतात आणि मग पत्रे आणायला माणूस धावतो.

एका गाईला छपराखाली साधारण चाळीस चौरस फूट आणि हिंडायला-बसायला त्याच्या दुप्पट मोकळी जागा लागते. वासराचा कोपरा, वैरणीची कोरडी खोली आणि शेणाचा खड्डा धरला की अडीचशे फूट सहज लागतात. जमीन पक्की हवी पण गुळगुळीत नको. लादी तर मुळीच नको, गाय घसरून पडली की मागचे पाय फाकतात आणि मग ती उठत नाही. कोब्यावर रेघा ओढाव्यात, वर रबरी गादी टाकावी आणि मुताकडच्या बाजूला दर चाळीस इंचाला एक इंच उतार ठेवावा. नेरूळला वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. थंडीने गाईचं फारसं बिघडत नाही. चार महिने ओल्या जमिनीवर उभं राहून तिचे खूर सडतात आणि कासेला जंतू लागतात. म्हणून छपराला पागोळ्या हव्यात आणि भिंती मात्र चारही बाजूंनी नकोत. खाडीकडचा वारा आरपार गेला पाहिजे.

आता शेण. देशी गाय दिवसाला दहा-बारा किलो शेण टाकते, संकरित गाय त्याहून बरंच जास्त. महिन्याला तीन-साडेतीनशे किलो माल गल्लीतून बाहेर न्यायचा आहे. पाण्याच्या जोरावर तो गटारात लोटणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट उपाय. नेरूळ खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसलेलं आहे. इथलं पावसाचं पाणी धारण तलावांत उतरतं आणि भरतीला त्यांच्या झडपा मिटतात. जुलैतल्या मोठ्या भरतीच्या दिवशी तुमच्या गोठ्याचं शेण कुठे तरंगेल, हे सांगायला नको.

बायोगॅसचं नाव अशा वेळी हमखास निघतं. एक किलो ताज्या शेणापासून साधारण 0.04 घनमीटर गॅस मिळतो. एका देशी गाईचं शेण म्हणजे दिवसाला अर्ध्या घनमीटरच्या आतबाहेर. सकाळचा चहा-नाश्ता आणि एखादी भाजी त्यावर होईल. पण पुष्कळांना वाटतं की बायोगॅस शेण ‘खाऊन टाकतो’. तसं नाही. जेवढं शेण-पाणी आत जातं, जवळजवळ तेवढीच मळी बाहेर येते, फक्त वास कमी असतो. ती नेणारा माणूस हवाच. त्यापेक्षा रोपवाटिका किंवा सोसायट्यांच्या बागा गाठून त्यांना वाळलेलं शेणखत देण्याची कायमची व्यवस्था लावणं जास्त शहाणपणाचं.

वैरणीचा हिशेब भल्याभल्यांना घाम फोडतो. मध्यम गाईला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडबा किंवा पेंढा, मूठभर खनिज मिश्रण आणि पन्नास ते ऐंशी लिटर पिण्याचं पाणी लागतं. खुराक वेगळा: अंगासाठी दीड किलो आणि दर लिटर दुधामागे चारशे ग्रॅम. म्हणजे आठ लिटर देणाऱ्या गाईला रोज 4 किलो 700 ग्रॅम. पन्नास किलोचं पशुखाद्याचं पोतं साडेदहा दिवसांत संपतं. चारा घरी पिकवायचा म्हटला तर भरपूर पाणी-खत दिलेलं नेपियर गवत हेक्टरी वर्षाला दोनशे टनांपर्यंत जातं. गुंठ्याला हिशेब केला तर रोजचे पाच-सहा किलो. वीस किलोसाठी चार गुंठे. नेरूळमध्ये चार गुंठे गवताखाली ठेवणारा माणूस सापडलाच तर त्याला गाईची नव्हे, वकिलाची गरज असते. तेव्हा पेंढा पनवेल-उरणकडून, कडबा घाटावरून आणि हिरवं रोज विकत, असंच धरून चालावं.

तुर्भ्याची बाजार समिती हाकेवर आहे आणि तिथे भाजीचा पाला फुकट पडलेला दिसतो. त्यातलं काही सोनं आहे, काही विष. मटारची टरफलं आणि मक्याच्या कणसांवरचा हिरवा पाला गाय आवडीने खाते आणि तो तिला मानवतोही. फ्लॉवर-कोबीचा पाला मात्र थोडा, सुकवून आणि पेंढ्यात मिसळूनच द्यावा. ओला ढीग एकदम घातला तर पोट फुगतं. डाव्या कुशीवर टिचकी मारली की ढोलासारखा आवाज येऊ लागला, तर डॉक्टरला फोन लावायची वेळ झाली. कुठलाही नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा, कारण गाईच्या पोटातले जंतू जुन्या चाऱ्याला सरावलेले असतात.

पुण्य कमवायला येणाऱ्यांना कसं आवरायचं, हा शहरी गोठ्याचा खास प्रश्न. पोळ्याला, अमावस्येला, वाढदिवसाला लोक पुरणपोळ्या, शिळा भात, लग्नातली उरलेली जिलेबी घेऊन येतात. पिष्ट आणि साखर एकदम पोटात गेली की आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि धडधाकट गाय दोन दिवसांत आडवी होते. पिशवीसकट ठेवलेलं अन्न त्याहून वाईट. मुंबईच्या रस्त्यांवरच्या गाईंच्या पोटातून डॉक्टरांनी कित्येक किलो प्लॅस्टिक काढलेलं आहे. गोठ्याबाहेर पाटी लावावी: गाईसाठी काही द्यायचं असेल तर कडब्याची पेंढी द्या. भाविकांना राग येतो, येऊ द्यावा.

कुठली गाय? नेरूळच्या दमट उकाड्यात भरपूर दुधाची होल्स्टीन संकरित गाय म्हणजे वर्षभर पंखे, फवारे आणि धापा. पहिल्यांदा गाय ठेवणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. गीर दिसायला देखणी, स्वभावाने बहुधा शांत, चांगली असेल तर दिवसाला आठ-दहा लिटर देते. पण तिला जागा जास्त लागते आणि तिच्या नावावर बाजारात भलतंच काही गळ्यात मारलं जातं. आपल्याच मुलखातल्या दोन जाती लोक विसरतात. अकोले, इगतपुरी, डांगच्या डोंगरांतली डांगी गाय मुसळधार पावसासाठीच घडलेली आहे. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, पाणी अंगावर ठरत नाही आणि खूर टणक असतात. दुसरी कोकण कपिला. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कामातून ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. आटोपशीर बांध्याची, थोड्या चाऱ्यावर भागवणारी, कोकणच्या हवेत वाढलेली. दूध मात्र दिवसाला दोन-अडीच लिटर. चार माणसांच्या चहाला आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या पेल्याला ते पुरतं, आणि छोट्या अंगणात एवढीच गाय झेपते. दुधाचा आकडा बघून गाय निवडणाऱ्यांना कपिला पसंत पडत नाही; जागा बघून निवडणाऱ्यांनी आधी तिच्याकडे बघावं.

बाजारातून घ्यायची तर पौषातली मुरबाडजवळच्या म्हशाची जत्रा जवळची आणि नावाजलेली, पण तिचा मुख्य रंग बैलांचा. रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदे बघायला जावं, पहिली गाय तिथून आणू नये. ओळखीच्या शेतकऱ्याकडची, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, वासरू पायाशी असलेली, धारेला चालू असलेली गाय शोधावी. पहिलारू कालवड आणि नवशिकं कुटुंब ही जोडी दोघांच्याही नशिबाला येऊ नये. सलग तीन धारा स्वतः समोर बसून काढून बघाव्यात, कारण विकणारा आदल्या वेळचं दूध कासेत राखून ठेवतो आणि पहिल्या धारेला चरवी भरते. चारही सड हाताने चाचपावेत, गाठ लागते का ते पाहावं. दात पाहावेत: आठ दात जुळले म्हणजे गाय चार-पाच वर्षांच्या पुढे गेली. कानातला बारा आकडी बिल्ला नसेल तर व्यवहार करू नये. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी दवाखान्यातले उपचार यांवर बंधन आहे. आणि ब्रुसेल्ला व क्षय यांची रक्ततपासणी-चाचणी झाल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. हे दोन्ही रोग माणसांनाही होतात.

गाय घरी आली की पहिले काही दिवस तिला फक्त आपल्या आवाजाची, वासाची सवय होऊ द्यावी. शक्य असेल तर विकणाऱ्या घरातल्या धार काढणाऱ्या बाईला किंवा बुवाला दोन दिवस मुक्कामाला बोलवावं. गाय ज्या बाजूने पिळायची सवय असेल त्याच बाजूने बसावं. तिला हाक मारून, पाठीवरून हात फिरवत, मग मांडीवरून खाली कासेकडे यावं; एकदम कासेला हात घातला की लाथ ठरलेली.

दूध कासेत असतं म्हणून ते सडात येतंच असं नाही. वासराने ढुसण्या दिल्या, कोमट पाण्याने कास धुतली, पुढे आंबोणाची पाटी आली की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते रक्तातून कासेत पोचतं आणि गाय पान्हा सोडते. सड टपोरे होतात, वासराच्या तोंडाशी फेस दिसतो. हा परिणाम पाच-सात मिनिटंच टिकतो. तेवढ्यात धार उरकली पाहिजे, म्हणून नवशिक्याची खरी स्पर्धा घड्याळाशी. याच वेळी कुत्रं भुंकलं, रिक्षाचा हॉर्न वाजला, घरात आवाज चढला की गाय पान्हा चोरते. तिला मारून, ओरडून तो परत येत नाही.

काही गोठ्यांत यावर इंजेक्शनचा उपाय केला जातो. त्याआधी ‘फुका’ नावाचा भयंकर प्रकार होता: जनावराच्या जननमार्गात हवा फुंकून दूध उतरवायचं. कलकत्त्याच्या गवळ्यांचं हे वर्णन वाचल्यावर गांधीजींच्या मनात दुधाविषयी तिटकारा बसला आणि 1912मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. पुढे मोठ्या आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1960च्या कायद्यात फुका आणि दूध वाढवण्यासाठी अपाय करणारी इंजेक्शनं हे दोन्ही गुन्हे आहेत. घरच्या गाईसाठी तर इंजेक्शनच्या कुपीची आठवणही नको. वासरू दोन मिनिटं आधी सोडावं, एवढाच मंत्र.

आता हात. नखं कापलेली, अंगठी काढलेली, हात धुऊन कोरडे. कास धुवावी आणि स्वच्छ फडक्याने कोरडी पुसावी. ओल्या कासेवरून ओघळणारं पाणी चरवीत गेलं की दूध नासलंच. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन पिळी काळ्या फडक्यावर घ्याव्यात. दुधात कण, गाठी, रक्ताची रेघ दिसली तर दगडी, म्हणजे कासेचा दाह, सुरू झाला आहे. मग पूर्ण मूठ. अंगठा आणि पहिलं बोट यांनी सडाच्या मुळाशी कडं करून तो बंद करायचा, म्हणजे उतरलेलं दूध परत वर जाणार नाही. मग मधलं, अनामिका, करंगळी अशी बोटं एकामागून एक मिटत यायची. धार सुटते. मूठ सैल केली की सड पुन्हा भरतो. सड ओढायचा नाही, दाबायचा आहे. पुष्कळ जुनेजाणते अंगठा आत मुडपून पिळतात. त्याने सडाला आतून इजा होते, म्हणून ती लकब उचलू नये. गाईवर हात बसवण्याआधी रबरी हातमोज्यात पाणी भरून, एका बोटाला टाचणीने भोक पाडून सराव करावा. मोज्याचं पाणी खाली येण्याऐवजी वर पळालं, तर कडं नीट बसलेलं नाही. पहिल्या आठवड्यात कोपरापासून मनगटापर्यंत असं दुखतं की चहाचा कप जड वाटतो. ते सरतं.

धार संपली तरी एक काम उरतं. सडाचं तोंड त्यानंतर अर्धा तास उघडं राहतं. गाय लगेच शेणात बसली तर जंतूंना वाट मोकळी. प्रत्येक सड आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवावा आणि पुढे ताजी वैरण टाकावी, म्हणजे ती खात उभी राहते. दूध गाळून ताबडतोब उकळावं. ‘धारोष्ण’ दुधाचं कौतुक करणाऱ्यांनी ब्रुसेल्ला झालेल्या माणसाचा महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप एकदा बघावा. गाईला प्रतिजैविकं चालू असतील तर डॉक्टर सांगेल तितके दिवस तिचं दूध घरातही नको आणि रतिबालाही नको. रतीब घालायचाच असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते, मग दूध एक लिटर का असेना.

दुधाची गोष्ट वासराशिवाय पुरी होत नाही, आणि शहरी कुटुंबं नेमकी इथेच बेसावध असतात. जन्मल्यावर तासाभरात वासराच्या पोटात चीक गेला पाहिजे. रोगांशी लढायची त्याची पहिली शिदोरी तीच, आणि ती पचवण्याची त्याच्या आतड्याची ताकद काही तासांत ओसरत जाते. शेजारणी खरवसाची वाट बघत असल्या तरी पहिला चीक वासराचा. पुढे रोज त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं दूध त्याला द्यावं लागतं. पंधरा किलोच्या वासराला दीड लिटर. कपिलेच्या दोन-अडीच लिटरमधून तेवढं वजा केलं की सुरुवातीचे दोन महिने घरात काय उरतं, ते मुलांना आधीच सांगून ठेवावं. व्याल्यावर बारा तासांत जार पडली नाही तर डॉक्टर बोलवावा. ती हाताने ओढू नये, तिला वजन तर अजिबात बांधू नये.

गाय दूध देत राहावी तर ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांत तिला भरवायची, नऊ महिने आणि काही दिवसांनी ती विते, त्याआधीचे दोन महिने तिला आटवायची. म्हणजे गाय असलेल्या घरातही त्या काळात पिशवीचंच दूध येतं. माज दर एकवीस दिवसांनी येतो आणि अर्धा-पाऊण दिवस टिकतो. कळपात तो लगेच कळतो, कारण गाई एकमेकींवर चढतात. एकट्या गाईचा माज मात्र डोळ्यांदेखत निसटतो. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास शेपटीखाली काचेसारखी तार लोंबते का, ती उगाच हंबरते का, दूध कमी झालं का ते पाहावं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी कृत्रिम रेतन.

त्यातून गोऱ्हा झाला तर? हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. नेरूळमध्ये नांगर नाही, बैलगाडी नाही. राज्यात 2015पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. आणि गोशाळा भरलेल्या आहेत. गोऱ्ह्याला वीस वर्षं सांभाळायचं नसेल तर गाभण करतानाच विचार करावा. लिंगनिश्चित वीर्यमात्रांनी साधारण दहातली नऊ वासरं कालवडी होतात. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने गोठीत रेतनाचं काम महाराष्ट्राच्या गावोगाव नेलं. अशा मात्रा तिथून आणि पशुसंवर्धन खात्याकडून मिळतात.

लसींच्या बाबतीत आळस नको. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेल्लाची एकदाच. 2022मध्ये लम्पी आजाराने राज्यातले गुरांचे बाजार बंद पडले होते, तेव्हा ती लसही चुकवू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 गोठ्याच्या खांबावर लिहून ठेवावा. अवघड दुखण्याला परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. 1886पासून ते जनावरं बघतंय.

आता फ्लॅटवाल्यांची वाट. कोकणात गाय अर्धलीने देण्याची रीत जुनी आहे: गाय एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, दूध आणि वासरं वाटून. जानेवारी 2024पासून नेरूळहून थेट उरणपर्यंत लोकल जाते. पनवेल, कर्जत तर आधीपासून टप्प्यात आहेत. तिथल्या एखाद्या गोठेवाल्याकडे दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाय ठेवता येते. खुराकाचा खर्च कोणाचा, डॉक्टरचा कोणाचा, कालवड कोणाची, गाय भाकड असेल त्या महिन्यांत पैसे द्यायचे की नाही आणि विमा कोणाच्या नावावर, हे पहिल्याच दिवशी कागदावर यावं, कारण भांडणं भाकड महिन्यांतच सुरू होतात. मुलांना धार काढायला शिकवायचं असेल तर शनिवारी संध्याकाळच्या धारेला पोचावं, मुक्काम करावा आणि पहाटेच्या धारेला पुन्हा बसावं. एका रात्रीत दोन धारा मिळतात, शिवाय रविवारचं शेण भरणंही.